जोडीला जोड : भंडारा जिल्ह्यातील शंकरपटाचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आणि मळणी आटोपली की, साधारणपणे पौषापासून महाशिवरात्रीच्या सुमारापर्यंत, गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती भरतात आणि त्यांना शंकरपट, किंवा रोजच्या बोलण्यात नुसते ‘पट’, असे म्हणतात. नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून बैलांच्या या खेळालाही शंकराचे नाव लागले, अशी लोकसमजूत आहे. गेल्या दशकात पटाविषयी जे काही लिहिले गेले ते बहुतेक कायद्याच्या वादापुरते, म्हणजे बैलांना पळवावे की न पळवावे या प्रश्नापुरते, मर्यादित राहिले; परंतु या भागातील पट हा मुळात वेगाचा विक्रम नोंदवण्याचा खेळ नसून जोडीविरुद्ध जोडीचा, आणि म्हणून गावाविरुद्ध गावाचा सामना आहे, ही गोष्ट त्या वादात मागे पडली. ज्याच्याशी झुंजायचे तोच त्या रात्री घरी जेवायला असणार, ही अट या खेळाच्या रचनेतच होती आणि पटाचा सामाजिक इतिहास बव्हंशी या अटीतून घडला आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, आजचा गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग यांना मिळून झाडीपट्टी म्हणतात. वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर कापूस आणि ज्वारी पिकते, तर झाडीपट्टीचे जीवन धानावर आणि धानाचे जीवन तलावांवर उभे आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले, साकोली तालुक्यातील शिवनीबांधासारखे मोठे जलाशय त्यातूनच निर्माण झाले, आणि तलावांचा जिल्हा ही भंडाऱ्याची ओळख आजही टिकून आहे. धानाच्या शेतीचे कालमान कठोर असते : पावसाळ्यात चिखलणी आणि रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, त्यानंतर खळ्यावरची मळणी. रोवणीच्या दिवसांत घरातील माणूस आणि गोठ्यातील जनावर यांपैकी कोणालाच उसंत नसते. याउलट मळणी संपल्यानंतर, उन्हाळी धान घेण्याची सोय नसलेल्या गावांत, बांध्या कोरड्या पडतात (बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला धानाच्या शेताचा तुकडा), घरात नवे धान आलेले असते आणि बैल ठाणावर उभे असतात. पटाला लागणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे मोकळी जमीन, रिकामा बैल आणि पाहुण्याला खाऊ घालण्याइतके धान्य, वर्षातून याच दिवसांत एकत्र येतात. पटाच्या हंगामाचे पंचांगाशी जोडलेले नाते भाविकांच्या दृष्टीने खरे असले, तरी तो हंगाम ठरवला आहे तो धानाने.

पटाचे दुसरे मूळ वाहतुकीत आहे. भंडारा ज्यात मोडत असे त्या ब्रिटिशकालीन मध्य प्रांतात बैलगाड्यांचे अनेक प्रकार प्रचलित होते. जड माल आणि धानाच्या पेंड्या वाहणारी ती बंडी. माणसांना नेणारी हलकी गाडी ती रेंगी. प्रवासासाठी आच्छादन घातलेली ती दमणी. आणि सर्वांत हलका, दोन माणसे जेमतेम बसतील एवढा, तो छकडा. छकड्याला जुंपायचा बैल वेगळा निवडला जाई. नांगराला आणि बंडीला ताकदीचा बैल लागतो, चिखलणीला तर अनेक शेतकरी बैलाऐवजी रेडाच पसंत करत, पण छकड्याला चालीचा बैल हवा असे, आणि असा बैल बाळगणे हे ऐपतीचे लक्षण मानले जाई. नागपूर, वर्धा आणि लगतच्या शिवनी-छिंदवाडा-बालाघाट पट्ट्यातील गवळाऊ जातीचा पांढरा, सडपातळ, लांब पायांचा बैल त्याच्या चपळाईसाठी नावाजलेला होता. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या रसदीसाठी या जातीची जोपासना झाली, अशी परंपरा सांगितली जाते. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे भंडारा रोड, तुमसर आणि गोंदिया या मार्गाने धावू लागली, तेव्हा लांबच्या मालवाहतुकीतील बैलगाडीचे महत्त्व ओसरू लागले. मात्र स्टेशनापासून गावापर्यंतचा आणि गावापासून बाजारापर्यंतचा प्रवास पुढेही कित्येक दशके बैलाच्याच पायांवर होता. वाटेत दोन छकडे एकमेकांना भेटले आणि रस्ता रुंद असला तर कोणाची जोडी पुढे जाते हे पाहण्याचा मोह आवरणे कठीण असते. त्या मोहाला मैदान, दिवस आणि पंच मिळाले की पट तयार होतो. गावोगावच्या फलकांवर आज दिसणारा शतकी परंपरेचा दावा प्रत्येक गावाच्या बाबतीत शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण ज्या शेतीतून आणि ज्या गाडीतून हा खेळ निघाला त्या दोन्ही गोष्टी निश्चितच त्याहून जुन्या आहेत.

पटाच्या धावपट्टीला या भागात ‘दान’ म्हणतात. बांध्यांमधील धुरे फोडून, खुंट काढून, जमीन सपाट करून आणि पाणी शिंपून दान तयार करावी लागते, आणि हे काम आठवडा-आठवडा चालते. झाडीपट्टीच्या पटाचे वैशिष्ट्य असे की येथे शेजारी-शेजारी दोन दानी आखल्या जातात आणि दोन्हींवर एकाच वेळी एकेक जोडी सोडली जाते. प्रत्येक जोडी हलक्या छकड्याला जुंपलेली असते आणि छकड्यावर एकटा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, असतो. सुरुवातीच्या रेषेवर दोन्ही जोड्या शांत उभ्या करणे हेच मुळात मोठे कौशल्याचे काम आहे, कारण उतावीळ बैल इशाऱ्याआधीच उसळतो आणि दबलेला बैल इशारा झाल्यावरही पाऊल उचलत नाही. म्हणून बैलांच्या मुसक्या धरून उभे राहणारी माणसे धुरकऱ्याइतकीच महत्त्वाची ठरतात. शेवटच्या रेषेवर झेंडी घेऊन उभे असलेले पंच कोणती जोडी आधी आली एवढेच सांगतात. किती अंतराने जिंकली, किती वेळात धावली, हे प्रश्न प्रेक्षकांच्या चर्चेसाठी राहतात; निकालाशी त्यांचा संबंध नसतो. हरलेली जोडी बाहेर पडते, जिंकलेली पुढच्या फेरीत दुसऱ्या विजेत्या जोडीसमोर उभी राहते, आणि अशा रीतीने अखेरीस दोन जोड्या उरतात.

या पद्धतीचे वेगळेपण समजण्यासाठी महाराष्ट्रातील अन्य तीन परंपरांकडे पाहावे लागते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील, कृषक सुधार मंडळाच्या विद्यमाने भरणारा शंकरपट सर्व विदर्भात प्रसिद्ध आहे. तेथे जोडी एकटी धावते आणि तिचा वेळ सेकंदांत, सेकंदाच्याही अंशांत, मोजला जातो. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत चढावर आखलेल्या वाटेला घाट म्हणतात आणि तेथेही गाडा घड्याळाशी झुंजतो. सातारा-सांगलीकडील मैदानांवर अनेक गाड्या एकदम सुटतात, आणि आदत, दुसा, चौसा अशा दातांवरून ठरणाऱ्या वयोगटांनी बैलांची प्रतवारी होते. घड्याळाच्या शर्यतीत प्रत्येक स्पर्धकाचा प्रतिस्पर्धी एकच असतो, तो म्हणजे दिवसातला सर्वांत कमी वेळ. ती जोडी कोणाची, कोणत्या गावची, ती सकाळी धावली की सायंकाळी, याने काही बिघडत नाही. दोन दानींच्या पटात मात्र समोरचा चेहरा असलेला प्रतिस्पर्धी लागतो. मध्यम प्रतीची जोडीही चिठ्ठीच्या कृपेने दुबळ्या जोडीसमोर आली तर एक दिवस नाव कमावते, आणि उत्तम जोडी पहिल्याच फेरीत तोडीस तोड जोडीसमोर आली तर दुपारीच घरी परतते. यात अन्याय आहे हे उघड आहे. पण ज्याची चर्चा वर्षभर पुरते असा निकाल बहुधा याच अन्यायातून निघतो, आणि पटाचे जुने शौकीन त्याबद्दल फारशी तक्रार करत नाहीत.

हा भेद केवळ बैलांपुरता नाही. गोल्फ या खेळातही अगदी याच दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत खेळाडू प्रत्येक खळग्यागणिक समोरच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना करतो आणि जास्त खळगे जिंकणारा विजयी ठरतो, तिला मॅच प्ले म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत सर्व खेळाडूंचे एकूण फटके मोजून सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो, तिला स्ट्रोक प्ले म्हणतात. इंग्रजी अमदानीत हा खेळ भारतात फार लवकर आला, कलकत्त्याचा क्लब 1829 मधला आहे, आणि जगभरच्या हौशी खेळाडूंमध्ये शनिवार-रविवारी मित्रांनी दोन संघ पाडून मॅच प्ले पद्धतीने झुंजण्याची रीत अजून लोकप्रिय आहे, कारण तीत हरल्यावरही संध्याकाळची संगत बिघडत नाही. देशादेशांतील प्रतिष्ठेचे सामने, म्हणजे हौशी खेळाडूंचा 1922 पासूनचा वॉकर चषक आणि व्यावसायिकांचा 1927 पासूनचा रायडर चषक, याच पद्धतीने होतात. याउलट पैशाच्या मोठ्या स्पर्धा फटके मोजण्याकडे वळल्या. अमेरिकेतील पीजीए अजिंक्यपद स्पर्धा 1958 मध्ये समोरासमोरच्या सामन्यांची पद्धत सोडून एकूण फटक्यांच्या पद्धतीवर गेली, आणि दूरचित्रवाणीची सोय हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. बक्षीस वाढले, प्रेक्षक दूरचा झाला, की खेळ मोजमापाकडे झुकतो. भंडाऱ्याच्या पटाला या नियमाचा प्रत्यय पुढे यायचा होता.

पटाचा खर्च कोण करत असे, या प्रश्नाचे उत्तर जमीनमहसुलाच्या इतिहासात सापडते. भोसल्यांचे राज्य 1853 मध्ये खालसा झाल्यानंतर ब्रिटिशांनी 1860 च्या दशकातील जमाबंदीत गावांचा महसूल भरणाऱ्या पाटलांना आणि मक्तेदारांना गावाच्या मालकीचे हक्क दिले आणि मालगुजार हा वर्ग कायद्याने पक्का झाला. गावाचा तलाव, पडीक जमीन, झाडझाडोरा यांवर मालगुजाराचा ताबा असे. तलावाची डागडुजी करून घेणे आणि गावाचे सण-उत्सव पार पाडणे या गोष्टी त्याच्याकडून अपेक्षित असत. दान आखायला सलग जमीन, ती करायला मजूर, बाहेरून आलेल्या जोड्यांना चारा आणि माणसांना जेवण, हे सर्व एका हाकेत उभे करू शकणारा माणूस गावात तोच होता. त्याच्या स्वतःच्या गोठ्यात पटाची जोडी असणे ही प्रतिष्ठेची बाब होती, आणि शेजारच्या मालगुजाराच्या जोडीने ती हरवणे ही त्याहून मोठी बाब होती. जिल्हा तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेश राज्याच्या 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले आणि पुढे त्यांची झालेली आबाळ सर्वज्ञात आहे. पटाची मात्र तशी आबाळ झाली नाही. तो मालगुजाराच्या वाड्यातून गावाच्या समितीकडे आला, वर्गणी गोळा होऊ लागली, आणि जोडी बाळगण्याचा मान मध्यम शेतकऱ्यालाही मिळाला. तलावाला सतत पैसा आणि अधिकार लागतो, तर पटाला वर्षातून एकदा लागतो तो उत्साह. 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला आणि 1 मे 1999 रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पटाच्या पाहुण्यांनी या सीमा कधी मनावर घेतल्या नाहीत, कारण सोयरेसंबंध जुन्या झाडीपट्टीभर पसरलेले होते.

पट एका दिवसाचा नसतो, तो बहुधा दोन-तीन दिवस चालतो, आणि या कालावधीमुळेच तो खेळापेक्षा मोठा होतो. बाहेरगावची जोडी येते ती एकटी येत नाही. तिच्यासोबत मालक, धुरकरी, बैलांची निगा राखणारे, मालकाचे भाऊबंद आणि ‘आपल्या गावची जोडी’ पाहायला निघालेले निम्मे गाव येते. यजमान गावात ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात, जावयांना आवर्जून निरोप जातो. उपवर मुला-मुलींची घरे, शेती, माणसे या दिवसांत सहज दृष्टीस पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यातील लग्नांची बोलणी पटाच्या मुक्कामात सुरू होतात, ही गोष्ट झाडीपट्टीत सर्वपरिचित आहे. दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवून जी मंडई भरवते तिचेही स्वरूप असेच आहे, पण मंडईत गाव एकमेकांना भेटतात, पटात ते एकमेकांना आव्हान देतात. हरलेल्या जोडीच्या मालकाला पुढच्या आठवड्यात आपल्या गावच्या पटाचे आमंत्रण देऊन परतफेड करता येते. वैराला अशी तारीख ठरवून दिली की ते वैर राहत नाही, तो पाहुणचाराचाच एक प्रकार होतो. पैजा लागतच नव्हत्या किंवा भांडणे होतच नव्हती असे अर्थातच कोणी म्हणणार नाही.

रात्रीचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. दिवसा पट आणि रात्री नाटक हा झाडीपट्टीचा ठरलेला क्रम आहे. दंडार हा या भागातील जुना लोकनाट्यप्रकार, आणि खडी गंमत हा शाहिरांनी रात्रभर उभ्याने सादर करायचा प्रकार. त्यातही दोन शाहिरांचे संच एकमेकांसमोर ठाकून सवाल-जबाब करतात तेव्हा तिला दुय्यम खडी गंमत म्हणतात. दिवसा दोन जोड्या आणि रात्री दोन संच, असा हा समोरासमोर झुंजण्याचा छंद या मातीत दोन्हीकडे दिसतो. पुढे संगीत आणि सामाजिक नाटकांची झाडीपट्टी रंगभूमी वाढली, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र झाले, आणि दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत तेथून नाटक मंडळ्या गावोगाव जाऊ लागल्या. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या या नाटकांना तिकीट असते आणि तरीही मंडप भरतो, कारण पटासाठी आलेला पाहुणा रात्री जाणार कोठे, हा प्रश्न नाटकच सोडवते. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे तिच्याकडे लक्ष गेले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासासाठी जे कार्य केले, त्यामुळे या परंपरेला लिखित आधार मिळाला. पटाच्या वाट्याला असा अभ्यासक अजून यायचा आहे.

पटाची काळी बाजू झाकण्यात अर्थ नाही. जोडी पळावी म्हणून तुतारीचा, म्हणजे टोकाला आर किंवा खिळा बसवलेल्या काठीचा, वापर होत असे. चाबकाचे फटके, शेपटी पिरगाळणे, शेपटीला चावा घेणे हेही प्रकार होते, आणि ते लपूनछपून होत नसत. ज्या मालकाने वर्षभर स्वतः उपाशी राहून बैलाला ढेप आणि सरकी चारली, तोच त्या अर्ध्या मिनिटात त्याला रक्त काढीपर्यंत टोचू देतो, हा विरोधाभास पटाच्या समर्थकांना कधीच नीट उलगडून सांगता आला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा 1960 चा. त्यातील कलम 22 नुसार काही प्राण्यांचे खेळ आणि प्रशिक्षण यांवर बंदी घालता येते. 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने अस्वल, माकड, वाघ, सिंह आदींच्या त्या यादीत बैलाचाही समावेश केला. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये शर्यतींना मनाई केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांनी तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. शरीररचनेने बैल हा घोड्यासारखा धावणारा प्राणी नसून ओझे ओढणारा प्राणी आहे, हे त्या निकालातील एक प्रमुख कारण होते.

पुढील सात वर्षे न्यायालयात आणि विधिमंडळात गेली. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने अटींसह परवानगी देणारी अधिसूचना काढली आणि तिला आठवडाभरातच स्थगिती मिळाली. 2017 च्या आरंभी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर झालेल्या बंदीविरोधी आंदोलनानंतर तमिळनाडूने राज्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरला, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे महाराष्ट्राचा कायदा कागदावरच राहिला. 2018 मध्ये सर्व राज्यांची प्रकरणे घटनापीठाकडे सोपवली गेली. दरम्यान, 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या अधीन राहून महाराष्ट्रात शर्यती घेण्यास तात्पुरती मुभा दिली, आणि 18 मे 2023 रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले.

बंदीच्या काळात पटाच्या भोवतालचे जग बदलले होते, आणि त्या बदलाला केवळ बंदी कारणीभूत नव्हती. नांगरणी आणि चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली, मळणीला यंत्र आले, बंडीची जागा मालवाहू वाहनांनी घेतली, आणि ज्या बैलाला शेतीत काम नाही आणि पटात मान नाही त्याला बाळगण्याचे कारण उरले नाही. 2015 च्या मार्चपासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे म्हाताऱ्या बैलाचे बाजारमूल्य घसरले आणि नवी जोडी घेण्यासाठी जुनी विकण्याचा जुना मार्ग अरुंद झाला. पटाच्या दिवसांतील नाटके बंद पडली नाहीत. मंडईच्या आणि जत्रेच्या निमित्ताने ती चालूच राहिली. परंतु ‘पट आहे, या’ या तीन शब्दांत जे आमंत्रण दिले जाई त्याला तितके सहज दुसरे निमित्त सापडले नाही.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा जोडी ही शेतीची उरलेली नव्हती. पूर्वी पटात धावणारा बैल अनेकदा रोवणीच्या वेळी बंडी ओढून आलेला असे. आता पटाचा बैल केवळ पटासाठी विकत घेतला जातो, पोसला जातो आणि एका हंगामात जिल्हाभर, किंबहुना शेजारच्या मध्य प्रदेशातही, फिरवला जातो. बक्षिसांत रोख रकमांसोबत दुचाकी दिसू लागली. जी जोडी गावातील कोणाच्याही शेतात कधी राबली नाही तिच्या विजयाला गावाने आपला विजय म्हणावे काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे. अनेक ठिकाणी यजमान गाव आणि परिसरातील जोड्यांसाठी वेगळा गट ठेवला जातो. त्यातील बक्षीस लहान असते, पण ओरडा मोठा असतो, कारण तेथे धुरकरी कोणाचा मुलगा आहे हे सर्वांना ठाऊक असते.

नव्या नियमांचा परिणाम खेळाच्या रचनेवर कसा होतो, ही बाब मात्र फारशी चर्चिली गेलेली नाही. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम आणि पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नसावी. चाबूक, काठी, तुतारी, विजेचा धक्का यांस मनाई आहे. आणि एका बैलाला एका दिवसात तीनपेक्षा अधिक शर्यतींत पळवता येत नाही. अंतराची अट झाडीपट्टीच्या पटाला मुळीच जाचत नाही, कारण येथील दान त्याहून खूपच आखूड असते. तीन फेऱ्यांची अट मात्र दोन दानींच्या पटाला थेट भिडते. हरणारा बाद या पद्धतीत तीन फेऱ्यांत आठ जोड्यांतूनच विजेता निघू शकतो. चौसष्ट जोड्या आल्या तर अंतिम विजेत्याला सहा वेळा धावावे लागते, म्हणजे पट किमान दोन दिवस चालवणे भाग पडते आणि दोन दिवसांची परवानगी, बंदोबस्त व पशुवैद्यक यांची तजवीज करावी लागते. घड्याळाच्या पद्धतीत त्याच चौसष्ट जोड्या एकेकदा धावून एका दिवसात निकाल लागतो, शिवाय तो सेकंदांत असल्यामुळे वादही कमी होतात. बैलाच्या दयेपोटी केलेला नियम अशा रीतीने, कोणाच्याही मनात नसताना, पश्चिम विदर्भाची पद्धत सोयीची करतो आणि पूर्व विदर्भाची महाग करतो. लाखनी, साकोली, लाखांदूरकडील समित्यांना यातून वाट काढताना पटाची जुनी लांबीच उपयोगी पडते : जो खेळ पाहुण्यांसाठी आधीपासूनच दोन-तीन दिवस चालत होता, त्याच्या फेऱ्या दिवसांवर वाटून देता येतात, पहिल्या दिवशी निम्मी चौकट पूर्ण होते, रात्री नाटक होते, आणि उरलेल्या जोड्या दुसऱ्या दिवशी पुन्हा समोरासमोर येतात.